तान्ह्या बाळांच्या संघटनेची शेवटची नोटीस

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या बंदरवाडीचे सरपंच कृष्णाजीभाऊ, तालुक्याहून खास वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आरोग्य खात्याचे डॉक्टरसाहेब, व्यासपीठावर बसलेले आपल्या शाळेचे येसाजी गुरुजी, अंगणवाडीच्या वेणूबाई, ज्यांच्यासाठी आपण सगळे इथे जमलोय त्या आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या उपकेंद्राच्या सुचिता सिस्टर, आणि समोर बसलेल्या माझ्या सगळ्या काकी, वहिन्या, आज्या, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले मामा, काका, दादा. सर्वांना माझा नमस्कार आणि जयभीम.

एवढं वेणूबाईंनी मला कागदावर लिहून दिलं होतं, ते मी वाचलं. पुढे लिहिलंय, "सिस्टर म्हणजे सेवेचा अखंड तेवणारा नंदादीप." वेणूबाई, हे वाक्य मी घरी पाच वेळा म्हणून बघितलं. खोटं काहीच नाही त्यात. पण सिस्टरांच्या तोंडावर असं कोणी बोललं की त्या काय म्हणणार ते मला माहितीय. म्हणणार, "दिवा राहू दे गं, आधी उपकेंद्रातला बल्ब बदलायला सांग भाऊंना."

भाऊ, बल्ब अजून बदललेला नाही.

तर हा कागद मी घडी करून ठेवते आणि जसं येतं तसं बोलते. मला माईकवर बोलायची सवय नाही. शाळेत असताना गुरुजी पंधरा ऑगस्टला भाषणासाठी नाव लिहायचे तेव्हा मी त्या दिवशी आजारी पडायची. गुरुजी हसतात, म्हणजे त्यांना तेव्हाच कळत होतं.

माझं नाव मैत्री. नावाने मला कमीच लोक ओळखतात. पियूषची ताई म्हटलं की ओळखतात. नववीत असताना मी शाळा सोडली. पियूष तेव्हा दोन महिन्यांचा होता आणि आईला हरिहरेश्वरला एका होमस्टेमध्ये स्वयंपाकाचं काम लागलं. ती पहिल्या गाडीने जायची, दिवे लागायच्या वेळेला यायची. बाबा मुंबईला. मग बाळाकडे कोण बघणार? गुरुजी दोनदा घरी आले, आईशी बोलले, चहा पिऊन गेले. त्यांनी तरी काय करावं? मी चौदा वर्षांची होते आणि दिवसभर माझ्या कडेवर बाळ.

सिस्टर आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा मी पियूषला वाटी-चमच्याने दूध पाजत होते. त्या दारात उभ्या राहून बघत राहिल्या. मला वाटलं आता ओरडणार. म्हणाल्या, "आई कुठाय?"

मी म्हटलं, "कामावर."

"आणि तुला हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. तो शिकवतो."

त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. पण जाताना म्हणाल्या, "सोमवारी उपकेंद्रात ये त्याला घेऊन. आणि थोडा वेळ बसून जा. घरी दोघंच भिंतीकडे बघत बसता." मग मी जायला लागले. सोमवारचा लसीकरणाचा दिवस सोडून पण जायला लागले. रजिस्टरमध्ये नावं लिहायची, बाळांचं वजन सांगायचं, वाफेचं भांडं भरायचं. सिस्टरांनी बावीस वर्षं या गावात काढली. या हॉलमध्ये माझ्या वयाचे जे बसलेत त्यातल्या निम्म्यांना जगात आल्यावर पहिला हात लागला तो यांचा. हे वेणूबाईंच्या कागदावर पण आहे, आणि हे मी कागद न बघता सांगते.

आता मला त्या ग्रुपबद्दल बोलायचंय. कृष्णाजीभाऊंनी आत्ताच जाहीर केलं की सिस्टर गेल्यावर आपला माता-बालक ग्रुप मी सांभाळणार. टाळ्या पण झाल्या. म्हणून बोलणं भाग आहे.

तुम्हाला आठवत असेल, तो ग्रुप आधी कसा होता. त्रेचाळीस माणसं. आया, बाप, सासवा, दोन-चार आजोबा. सिस्टर लिहायच्या, "उद्या लसीकरण आहे. सर्वांनी वेळेवर यावे." खाली त्रेचाळीस जणांचे जोडलेले हात आणि अंगठे. आणि सोमवारी बाळं किती? एकोणीसपैकी सहा.

सिस्टर मला म्हणाल्या, "मैत्री, ही माणसं वाचतात का गं, की नुसते हात जोडतात?"

मी म्हटलं, "हात जोडतात, सिस्टर."

कोणी काही विचारत पण नव्हतं. कसं विचारणार? सासू ग्रुपमध्ये, सासरा ग्रुपमध्ये, सरपंच ग्रुपमध्ये. छातीला गाठ आलीय, दूध येत नाही, हे कोण लिहिणार तिथे?

आमचे चंदरमामा तिकडे थळच्या बाजूला एका कारखान्यात आहेत. ते मागे उभे आहेत बघा, आता मान खाली घातली त्यांनी. त्यांच्या घरी युनियनच्या नोटिसांचा गठ्ठा असायचा. "सर्व कामगार बंधूंना कळवण्यात येते की" असं सुरू होणारा. मी तिथे बसून त्या वाचायचे, कारण मामांच्या घरी वाचायला दुसरं काही नव्हतं. एका रविवारी सिस्टर म्हणाल्या, "उद्याचा मेसेज तू टाक, माझे हात ओले आहेत." उपकेंद्राचा मोबाईल माझ्या हातात दिला. आणि मी लिहिलं. अजून पाठ आहे:

"समस्त तान्ही बाळं संघटना, बंदरवाडी शाखा. सर्व बाळ बंधू-भगिनींना कळवण्यात येते की उद्या सोमवारी उपकेंद्रात आपल्याला टोचणार आहेत. संघटनेचा याला जाहीर विरोध आहे. सामुदायिक रडण्याचा कार्यक्रम सकाळी ठीक दहा वाजता होईल. तरी सर्वांनी आपापल्या आईला घेऊन उपस्थित राहावे. आपला, अध्यक्ष, पियूष."

हां, हसा. तेव्हा पण असंच झालं. आधी कोणाचं काहीच आलं नाही. मी घाबरून मोबाईल टेबलावर उलटा ठेवला. मग एकदम सुरू झालं. चंदरमामांनी लिहिलं, "अध्यक्षांना विनंती, घरची रात्रपाळी बंद करावी. बापाला सकाळी ड्युटी असते." मी लिहिलं, "रात्रपाळी ही आमची जुनी परंपरा आहे. बापाने ड्युटीवर झोपावे." यावर मामांच्या कंपनीतले पण हसले म्हणे.

सोमवारी चौदा बाळं आली. पुढच्या सोमवारी एकोणीस.

मग बायका पण बाळाच्या नावाने लिहायला लागल्या. एकीच्या बाळाने तक्रार केली, "आजी मला मध चाटवते. चव चांगली आहे, पण नंतर पोटात गडबड होते. संघटनेने लक्ष घालावे." सगळ्या गावाला कळलं ही आजी कोण. सिस्टर मला म्हणाल्या, लिही. मी लिहिलं, "एक वर्षाच्या आतल्या सभासदांना मध बंद. आजीने तो मध स्वतः खाऊन संपवावा." दुसऱ्या दिवशी मैनाआजी उपकेंद्रात आली काठी आपटत. आम्हाला वाटलं आता भांडण. तर म्हणते, "तुमच्या त्या संघटनेला सांगा, खाल्ला मी मध. गोड व्हता. आता पोराला कवा देऊ ते पण सांगा."

हे असं कधी झालं होतं का आपल्या गावात? सासू सुनेच्या तक्रारीवर हसली होती का कधी? मला तेव्हा वाटलं, मी काहीतरी मोठं केलंय. नववी नापास पण नाही, नववी सोडलेली मुलगी, आणि त्रेचाळीस माणसं माझ्या एका ओळीची वाट बघतात. मग मीच एक नियम केला. नोटीस काढली. "यापुढे आईच्या नावाने आलेली तक्रार संघटना स्वीकारणार नाही. ज्याची तक्रार त्याने करावी." म्हणजे जे काही लिहायचं ते बाळाच्या नावाने लिहायचं. साधं लिहिलं की मी उत्तरच द्यायचे नाही, नुसता अंगठा टाकायचे. गंमत म्हणून.

सिस्टरांनी मला एकदा सांगितलं होतं. "मैत्री, एखादीला साधं लिहायचं असेल तर लिहू दे गं." मी म्हटलं, "मग परत सगळे हात जोडत बसतील, सिस्टर." त्या बरं म्हणाल्या.

आता एक गोष्ट, जी या हॉलमध्ये मोजक्याच माणसांना माहितीय. तुम्हा बाकीच्यांना आजपर्यंत वाटतं की त्या नोटिसा सिस्टर लिहायच्या. मेसेज उपकेंद्राच्या नंबरवरून यायचे ना. बायका म्हणायच्या, "सिस्टर दिसायला कडक, पण पोटात बघा किती गमती हायत." सिस्टर मला डोळ्यांनी खूण करायच्या, सांगू का? मी मान हलवायचे, नको. मला ते आवडायचं. माझं तोंड कोणाला दिसत नव्हतं आणि सगळे माझ्यावर हसत नव्हते, माझ्या लिहिण्यावर हसत होते. यात फरक आहे. ज्याला माणसात बोलता येत नाही त्याला तो फरक कळतो.

सिस्टर, हात खाली करा. मी थांबणार नाही. तुमच्या पाया पडते, पण आज थांबवू नका.

भाऊ, दोन मिनिटं जास्त होतील.

मागच्या वर्षी जानेवारीत, मंगळवार होता. सिस्टरांना अलिबागला ट्रेनिंग होतं. जाताना मला म्हणाल्या, "इथे बस, कोणी आलं तर सांग उद्या येते, आणि काही अडलं तर माझ्या नंबरवर लगेच फोन कर." उपकेंद्राचा मोबाईल माझ्याकडे ठेवून गेल्या. बाहेरच्या माणसाकडे तो द्यायचा नसतो हे त्यांना माहीत होतं. मला पण माहीत होतं.

राहीवहिनींचा ऋत्विक तेव्हा सव्वीस दिवसांचा होता. मी त्याचं नाव घेतेय, का घेतेय ते पुढे सांगते.

सकाळी दहा चाळीसला राहीवहिनींचा मेसेज आला. "संघटनेला कळवण्यात येते की मी आज संपावर आहे. दूध घेणार नाही. रडणार पण नाही. हाक मारली तरी डोळे उघडणार नाही. आपला, ऋत्विक."

आता कोणी हसत नाही.

तेव्हा एकतीस जण हसले होते. ती हसणारी तोंडं अजून आहेत मोबाईलवर, त्या मेसेजच्या खाली. मी बघितलीत, कोणाकोणाची आहेत. नावं घेणार नाही. तुम्ही काय वाईट बुद्धीने हसला नाहीत. एकीने लिहिलं, "नशीबवान आई, आमचा तर चोवीस तास मोर्चा." एकाने लिहिलं, "असला संप आमच्याकडे पण करा." तुम्हाला हसायची सवय मीच लावली होती ना.

आणि दहा बावन्नला उपकेंद्राच्या नंबरवरून उत्तर गेलं. "ऋत्विक यांच्या संपाला समस्त तान्ही बाळं संघटनेचा जाहीर पाठिंबा. मागण्या मान्य होईपर्यंत माघार घेऊ नये. आपला, अध्यक्ष."

ते मी लिहिलं. सिस्टरांनी नाही, मी.

जिथे बसून मी ते लिहिलं, तिथे भिंतीवर एक तक्ता आहे. डॉक्टरसाहेबांना माहीत असेल, सगळ्या उपकेंद्रात असतो. नवजात बाळाला ताबडतोब दवाखान्यात कधी न्यायचं. पहिली ओळ, बाळ दूध पीत नसेल. दुसरी ओळ, बाळ निपचित असेल, हाकेला डोळे उघडत नसेल. त्या तक्त्याच्या खालीच प्लग आहे. मोबाईलची वायर छोटी होती म्हणून मी त्याला टेकूनच बसले होते. दीड वर्ष मी रोज तो तक्ता वाचत होते. पाठ होता मला. राहीवहिनींनी तोच तक्ता मला ओळीने लिहून पाठवला होता, आणि मी म्हटलं माघार घेऊ नये.

ट्रेनिंगला फोन बंद ठेवायला लावतात. सिस्टरांनी दुपारी जेवायच्या सुट्टीत स्वतःच्या मोबाईलवर बघितलं, दोन दहाला. त्यांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. सरळ राहीवहिनींना फोन केला आणि म्हणाल्या, "आहे तशी नीघ. कपडे बदलू नको." रिक्षा पण त्यांनीच अलिबागवरून फोन करून पाठवली. संध्याकाळी सूर्य खाली जायच्या आत ऋत्विक गेला. रक्तात जंतू झाले होते, असं तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. सकाळी आणला असता तर वाचला असता का, हे मी सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." अजून तेच म्हणतात. साडेतीन तास. सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी उपकेंद्रात गेले. सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या, साडी कालचीच. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "मोबाईल काल माझ्याकडे होता. मी तो अलिबागला नेला होता. कळलं?"

"सिस्टर, पण ते मी..."

"तुझं वय काय?"

"सोळा."

"मग गप्प बस. मी सव्वा वर्षाने पालीला जाणार माझ्या घरी. तुला याच गावात राहायचंय. लग्न व्हायचंय. गाव विसरत नाही, मैत्री."

चौकशी झाली तेव्हा त्यांनी तेच सांगितलं. माझं उत्तर, माझी नोटीस, जाहीर पाठिंबा, सगळं स्वतःचं म्हणून लिहून दिलं आणि खाली सही केली. त्यांचा त्या वर्षी जिल्ह्याला सत्कार होणार होता, तो रद्द झाला. आणि गावाने काय केलं? गावाने भांडण केलं नाही. गाव नुसतं उपकेंद्रात जायचं बंद झालं. बायका सुई टोचून घ्यायला श्रीवर्धनला जायला लागल्या. रस्त्यात सिस्टर दिसल्या की पदर पुढे ओढायच्या. नळावर त्यांना काय म्हणायचे ते मला माहितीय. हसणारी सिस्टर. त्यांच्या कानावर पण गेलं ते. त्या मला म्हणाल्या, "बरं झालं, नाव तरी चांगलं ठेवलं."

आज या खुर्च्या बघा. शंभर मांडल्यात. गुरुजींनी शाळेतून बाकं पण आणून ठेवलीत. किती भरल्यात? बावीस वर्षं इथे राबलेली बाई जाते गावातून आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या. माझ्यामुळे रिकाम्या आहेत या.

आणि मी या सोळा महिन्यांत काय केलं? गप्प बसले. सिस्टरांनी सांगितलं म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खरं सांगायचं तर मला सोपं पण पडत होतं. आता सोमवारी जी थोडी बाळं येतात ती रडतात, त्या आवाजात मला बरं वाटतं. पण रांगेत एखादं बाळ आईच्या खांद्यावर शांत झोपलेलं असलं की मला राहवत नाही. मी जाऊन त्याच्या तळपायाला बोट लावते. त्याने पाय ओढून घेतला की मगच पुढच्याचं नाव लिहिते. बायका चिडतात, "झोपलेल्याला कशाला उठवतेस गं मेले?" पियूष आता चार वर्षांचा आहे. दुपारी झोपला की मी त्याला पण हाक मारते. तो डोळे न उघडता म्हणतो, "ताई, मी हाय." त्याला सवय झालीय. चार वर्षांच्या पोराला ही सवय मी लावली.

मोबाईल वाजला की मला दहा चाळीस वाजल्यासारखं वाटतं. कोणी हसलं की मी आधी बघते, कशावर हसले.

काल दुपारी मी राहीवहिनींच्या घरी गेले. त्यांना न सांगता इथे माईकवर बोलणं बरोबर नव्हतं. त्या अंगणात आमसुलं उन्हात पालथी घालत होत्या. हात लालभडक. त्यांच्या सासूबाई, बायजाबाई, ओट्यावर बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. राहीवहिनींचा हात थांबला नाही. एकेक आमसूल उलटत होत्या.

बायजाबाईंनी विचारलं, "काय म्हणते ती?"

राहीवहिनी म्हणाल्या, "ते सिस्टरांनी लिहिलं न्हवतं म्हणते. हिनं लिहिलं."

बायजाबाई म्हणाल्या, "कोणी का लिहीना. मी सकाळपास्नं सांगत व्हते, पोरगं निपचित हाय, चल. ही मला मोबाईल दाखवत बसली. म्हणे दवाखान्यानं बघितलंय."

मला वाटलं निघावं. तेवढ्यात राहीवहिनी खाली बघूनच म्हणाल्या, "मी आधी साधं लिहिलं व्हतं. बाळ दूध घेत न्हाय, काय करू, असं. मग पुसलं. म्हटलं, साधं लिहिलं तर अंगठा येईल. तुमच्यासारखं लिहिलं की लगेच उत्तर येतं. आणि आलं ना. बारा मिनिटांत आलं."

मी अंगणात खालीच बसले.

म्हणाल्या, "ते उत्तर वाचून मला बरं वाटलं गं. मी हसले त्याच्याकडं बघून. म्हटलं, बघ, तुला दवाखान्याचा पाठिंबा हाय."

हे मी आज पहिल्यांदा मोठ्याने बोलते. काल रात्री आईला पण सांगता आलं नाही.

मी राहीवहिनींना म्हटलं, उद्या कार्यक्रमात मला बोलायला सांगितलंय, मी हे सगळं सांगू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही सांगणार. त्या म्हणाल्या, "सांग. पण त्याचं नाव घेऊन सांग. सगळी ती केस म्हणतात, ती भानगड म्हणतात. बारसं झालं व्हतं त्याचं. सव्वीस दिवस नाव व्हतं त्याला."

म्हणून मी नाव घेतलं. ऋत्विक.

येईन असं त्या म्हणाल्या नव्हत्या. पण मी मघाशी संघटनेची पहिली नोटीस म्हणत होते आणि तुम्ही हसत होता, तेव्हाच त्या आल्या. दाराशी उभ्या आहेत, बायजाबाई पण आहेत. कोणी वळून बघू नका. त्यांना उभं राहायचं असेल तर राहू द्या. बसायचं असेल तर खुर्च्या भरपूर आहेत.

डॉक्टरसाहेब, तुम्ही आज पाहुणे म्हणून आलात, तुमच्यासमोर हे बोलायला नको होतं कदाचित. पण चौकशीचा कागद तुमच्याच ऑफिसात आहे. त्यावर जी सही आहे ती चुकीच्या माणसाची आहे. सिस्टरांची चूक एवढीच, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून मोबाईल दिला. ती चूक त्यांची लिहा. बाकीचं माझ्या नावावर लिहा. मला पूर्ण नाव, पत्ता, सगळं सांगता येतं. मला आता अठरा पूर्ण झालीत.

कृष्णाजीभाऊ, तुम्ही ग्रुप माझ्याकडे देताय, विश्वासाने देताय. मोबाईल मी आता तुमच्यासमोर या टेबलावर ठेवते. तो परत माझ्या हातात द्यायचा की नाही ते इथल्या आयांनी ठरवावं, आणि मी नसताना ठरवावं. राहीवहिनींना यात विचारू नका. त्यांच्यावर अजून एक गोष्ट टाकू नका. ज्या कोणाकडे तो जाईल तिला माझं एकच सांगणं. विनोद करा. विनोदाशिवाय आपल्या गावात कोणी तोंड उघडत नाही, हे मी बघितलंय. पण साधं लिहिणाऱ्या बाईला आधी उत्तर द्या. आणि विनोदात लिहिणारीला फोन करा. रोज करा. ती हसत असली तरी करा.

आणि ज्या बायका सिस्टरांना बघून पदर पुढे ओढत होत्या, त्यांनी बाहेर जायच्या आधी एकदा त्यांच्यासमोर उभं राहावं. काही बोलायची गरज नाही. उद्या सकाळच्या गाडीने त्या पालीला जातील. मग इथे रिकाम्या खुर्चीत कोण नव्हतं आणि का नव्हतं, हे त्यांना कोण सांगायला जाणार?

सिस्टर, तुम्ही मला म्हणाला होतात, गाव विसरत नाही. नको विसरू दे. मला याच गावात राहायचंय, आणि याच तोंडाने राहायचंय. तुम्ही बावीस वर्षं इथून काही नेलं नाहीत, आता जाताना माझी चूक बॅगेत घालून नेऊ नका. ती इथेच राहू दे, माझ्याकडे.

आभार मानायचे राहिलेत. भाऊंनी बोलायला दिलं, वेणूबाईंनी कागद लिहून दिला, गुरुजींनी माईक माझ्या उंचीला खाली केला, तुम्ही सगळ्यांनी मध्येच न उठता ऐकून घेतलं, सर्वांचे मनापासून आभार. सिस्टरांचे आभार मला मानता येत नाहीत, ते तसेच राहू दे. बोलताना कोणाचा मान राहून गेला असेल, कोणाचं नाव पुढेमागे झालं असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर लहान समजून पोटात घाला. ऋत्विकचं मात्र पोटात घाला असं मी कोणाला म्हणणार नाही. राहीवहिनींना तर नाहीच नाही.

मी खाली बसते.